कोरडा चर

येळवशीचा, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतपूजेचा, पसारा ट्रॉलीतून उतरवून होईपर्यंत शांतम्माला मान वर करायला सवड मिळाली नव्हती. हरभरा-वाटाण्याच्या मिसळ भाजीचं, भज्जीचं पातेलं वाटेत कलंडलं होतं. बाजरीच्या उकडलेल्या गोळ्यांच्या, उंड्यांच्या दुरडीवर कुणीतरी बसून आलं होतं. आणि आंबिलाचा बिंदगा ज्याने घरापासून डोक्यावर आणायचा, तो तिचा धाकटा भाऊ लिंगराज बिंदगा मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून रुबाबात शेतात उतरला होता. मान दुखायलीय म्हणाला. बिदरच्या आणि निंबर्ग्याच्या अशा दोन घरांचा स्वयंपाक पहाटेपासून साठी उलटलेल्या बहिणीने केला आणि मान ह्याची दुखायली.

तिने त्याला काही म्हटलं नाही. अवसेच्या दिवशी रानात येऊन भांडायचं नाही, असं अप्पांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, तिप्पण्णांचं सांगणं होतं. अप्पा जाऊन अकरा वर्षं झाली तरी ते ती एकटीच पाळत होती.

कडब्याच्या कोपीत मांडलेल्या पाच पांडवांना, म्हणजे चुना लावलेल्या पाच दगडांना, हळदकुंकू वाहून ती बाहेर आली, कंबर धरून सरळ झाली, आणि तेव्हा तिला तो बॅनर दिसला.

कोपीच्या शेजारी दोन बांबू रोवून बांधला होता. त्यावर तिची भाची मल्लेश्वरी, लाल जर्सीत, चेंडूवर पाय ठेवून. खाली मोठ्या अक्षरांत: निंबर्ग्याची वाघीण, यंदाच्या हंगामात नऊ गोल. त्याच्याखाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. त्यात शांतम्माचाही होता, आधार कार्डावरचा.

"आत्त्या, हे कुणी लावलं?"

मल्लेश्वरी ट्रॉलीमागून घोंगड्या घेऊन येत होती, ती तिथेच थांबली होती. पंचवीस वर्षांची पोरगी, उन्हाने रापलेली, केस मागे घट्ट बांधलेले. आठ दिवसांच्या सुट्टीवर आली होती.

"तुझ्या बापानं. दुसरं कोण लावतंय?"

"नऊ गोल?"

"कामून, जास्त झालेत का?"

मल्लेश्वरीने डोळे मिटून घेतले. घोंगड्या खाली टाकल्या. "आत्त्या, मी यंदा एक बी गोल केलेला न्हाई."

शांतम्माच्या हातात पळी होती. ती तिने पातेल्यावर आडवी ठेवली. "एक बी न्हाई?"

"एक बी न्हाई. गेल्या साली बी न्हाई."

"मग इतकी वर्षं तू तिथं करायलीस तरी काय?"

विचारून झाल्यावर शांतम्माला वाटलं, हे आपण जरा बरं विचारू शकलो असतो. पोरगी बारा वर्षांची असताना बिदरच्या मैलूरमधल्या घरातून तिला सायकलवर मैदानात सोडायला हीच शांतम्मा जायची. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा इस्पितळात उशाशी हीच बसली होती. आणि पोरगी मैदानात नेमकं काय करते, हे तिला आजही ठाऊक नव्हतं. दोष कुणाचा म्हणावा? कुणी सांगितलंच नाही कधी. तिनेही विचारलं नाही.

मल्लेश्वरी खाली बसली. दुरडीतले उंडे काढून घोंगडीवर मांडू लागली.

"हे बग. हे मागं, आपला गोल वाचवणारे. हे पुढं, मारणारे. आन मी हितं, मधी. मागून चेंडू घ्यायचा, पुढं कोण मोकळं हाय बगायचं, तिला द्यायचा. त्यांच्याकडं चेंडू गेला तर पळत मागं येऊन काढून घ्यायचा. कळलं का?"

शांतम्मा उंड्यांकडे बघत राहिली. ते नैवेद्याचे होते.

"म्हंजे वाढणारी," ती म्हणाली.

"काय?"

"पंगतीत. कुणाची भज्जी संपली, आंबील कुणाकडं पोचली न्हाई, हे बगत फिरणारी."

मल्लेश्वरीने क्षणभर विचार केला. "तसंच धर. आता मला सांग, पंगत उठल्यावर वाढणारीनं किती उंडे खाल्ले ते कुणी इचारतंय का?"

"न्हाई."

"मग ते बॅनरवर कामून लिवलंय?"

ह्याचं उत्तर ज्याच्याकडे होतं तो बसवप्रभु, शांतम्माचा पाठचा भाऊ आणि मल्लेश्वरीचा बाप, बांधावरून हसत हसत येत होता. बिदरच्या कोळारला त्याचं तूरडाळीचं गोदाम होतं. अंगावर नवा पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे पट्टे. बॅनरकडे हात करून त्याने विचारलं, "कसं वाटलं, मल्लू?"

"अप्पा, हे नऊ कुठून आणलात?"

"कुठून म्हंजे? तूच तर सांगायचीस. मॅच झाली की मी फोन करायचो का न्हाई? किती झालं म्हनलं की तू म्हनायचीस, दोन-शून्य. एकदा तीन-एक म्हनलीस. ते सगळं मी मिळवलं."

"ते टीमचे गोल हायत, अप्पा."

"बरं मग? टीम तुझीच हाय की."

"मी मारलेले न्हाईत."

बसवप्रभुला ही फार बारीक खोड वाटली. "हे बग, लिंगराज रानात तूर पिकवतो. म्हनून मी कुणाला सांगतो का, लिंगराजला एवढी तूर झाली? आपल्याला झाली, आसंच म्हनतो. घरातल्या एकानं केलं ते सगळ्यांनी केलं. उलटं मीच मारलं, मीच मारलं म्हननारं माणूस घरात चांगलं दिसत न्हाई."

शांतम्माला तर त्यात चूक काय हेच कळेना. ती ज्या घरात वाढली त्या घरात सगळा हिशेब असाच होता.

"काढा ते," मल्लेश्वरी म्हणाली. "कुणी फोटो काढून टाकला तर माझ्या टीमच्या पोरी मला जन्मभर चिडवत्याल. आन दुसरं आयका. काल सांजच्याला कोचमॅडमचा फोन आलता. आमच्यातली मधी खेळणारी पोरगी जखमी झालीय. रविवारी तिच्या जागी मी. पहिल्या मिनिटापासून."

"मग आजवर?"

"ऑपरेशननंतर आजवर शेवटची थोडी मिनिटं खेळायले मी, अप्पा. कोणी दमलं की. बाकी बाकड्यावर. आता पहिल्यांदाच मिळायलंय. मी न्हाई पोचले तर त्या दुसरीला घेतेत. मग ह्या गुडघ्याला पुन्हा कोण इचारतंय? मला आज निघायचंय. संध्याकाळची गाडी हाय गुलबर्ग्याहून. तिकीट काढलंय."

बसवप्रभुने शांतम्माकडे पाहिलं. शांतम्माने भज्जीकडे पाहिलं.

"आज काय हाय?" मल्लेश्वरीने विचारलं. दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत तिने पुन्हा विचारलं, "आत्त्या, आज काय हाय?"

तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

*

हुमनाबादचा ईरण्णा म्हणजे मल्लेश्वरीचा मामा, तिची आई मंजुश्री हिचा थोरला भाऊ. साड्यांचा व्यापारी, उंच, मऊ बोलणारा माणूस. बरोबर त्याचा मुलगा गुरुबसव. भाचीवर पहिला हक्क मामाच्या घरचा, हे दोन्ही घरांत कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण बोलायची गरजच पडली नव्हती. मागच्या महिन्यात ईरण्णाने शांतम्माला फोन करून विचारलं होतं, आणि शांतम्मानेच येळवशीचा मुहूर्त सुचवला होता. पोरीला फक्त 'मामा जेवायला येणार' एवढंच सांगितलं होतं. घरचंच स्थळ, देखणा पोरगा, हुमनाबादला टाइल्सचं दुकान. त्यात सांगायचं काय आणि विचारायचं काय, असं तेव्हा शांतम्माला वाटलं होतं. तिची स्वतःची साखर ह्याच शेतात, अशाच कोपीसमोर तिच्या पदरात पडली होती. तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि असं विचारायचं असतं हे तिलाही ठाऊक नव्हतं. चार वर्षांत ती विधवा होऊन परत आली, ती गोष्ट वेगळी.

ईरण्णाने तांबड्या फडक्यात बांधलेला साखरेचा पुडा तिच्या हातात दिला. "अक्का, हे तुमच्यापाशी राहू द्या. चर झाला की तुमच्याच हातानं तिच्या ओढणीत घाला. तुमचा हात गुणाचा."

मल्लेश्वरी तीन हात अंतरावर उभी होती. तिने पुडा पाहिला. मग आईकडे पाहिलं. मंजुश्री घोंगडी झटकत होती. चांगली झटकलेली घोंगडी तिने पुन्हा झटकली.

"अव्वा, तुला ठावं हुतं?"

"मामा हाय तुझा. कुणी परका न्हाई," मंजुश्री घोंगडीला म्हणाली.

गुरुबसव बॅनरसमोर उभा राहून फोनवर बोट फिरवत होता. पोरगा वाईट नव्हता. हसतमुख, बोलका. परदेशातल्या मॅचेस बघायचा, खेळाडूंची नावं त्याला तोंडपाठ होती. त्याच उत्साहात तो म्हणाला, "मामा, ह्या साईटवर काई तरी गडबड हाय. मल्लेश्वरीच्या नावासमोर गोल शून्य दाखवायलेत."

बसवप्रभु म्हणाला, "नेटवाल्यांना काय कळतंय?"

"न्हाई मामा, ह्यांचं चुकत न्हाई कधी."

"बरोबर हाय ते," मल्लेश्वरी म्हणाली. "शून्यच हायत."

ईरण्णा घोंगडीवर बसत होता, तो अर्धा बसून थांबला. मग पूर्ण बसला. बराच वेळ त्याने बॅनर वाचला. शेवटी शांतपणे म्हणाला, "बसवप्रभु, तुमी नऊ म्हनलात म्हनून मी घरात भांडलो. पोराची आई म्हनायली, सून हाफपँट घालून पळणार काय. मी म्हनलं, नऊ गोल मारणारी पोरगी हाय, लग्नानंतर बी दोन-तीन वर्षं खेळू द्या. आता शून्याला मी घरी काय सांगू?"

"पाहुणे, ते घरचा म्हनून हिशेब केलता..." बसवप्रभु बोलू लागला, पण तूर आणि लिंगराजचं उदाहरण ईरण्णासमोर त्याच्या तोंडातून निघेना.

"मामा, माझं काम गोल मारायचं न्हाईच," मल्लेश्वरी म्हणाली.

"तेच तर म्हनायलो, बाई. जिथं आपलं काम न्हाई तिथं कामून थांबायचं?"

मल्लेश्वरी ओढणी कमरेला घट्ट बांधू लागली. खेळताना तिच्या पायात कुणी मुद्दाम पाय घातला तरी ती अशीच बुटाची नाडी घट्ट करून उभी राहत असेल, असं शांतम्माला वाटलं.

"जाऊ द्या," ईरण्णा मोठ्या मनाने म्हणाला. "पोरगी आपली हाय. शून्य आसो का नऊ, आमी मागं हटत न्हाई. चालवून घेतो. फकस्त हे खेळणं आता बास. आज साखर घालू, आन तिकडं फोन करून कळवा, येत न्हाई म्हनून."

"चालवून घेतो म्हंजे?" हे लिंगराज म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघू लागले. तो आजवर मल्लेश्वरीच्या बाजूने एक शब्द बोलला नव्हता. "आमची पोरगी काय फाटकी नोट हाय का, चालवून घ्यायला?"

"भावजी, तुमी कामून मधी बोलायलात?" मंजुश्री उसळली. "पोरगी शॉर्टपँट घालून टीव्हीवर दिसली म्हनून वरीसभर आमच्या घरी आला न्हवतात तुमी."

"ते आपसातलं हाय, वहिनी. घरात मी काय बी म्हनंन. भायेरच्यानं म्हनायचं न्हाई."

"माझा भाऊ भायेरचा?"

"लिंगराज, गप," बसवप्रभु म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. नव्या सदऱ्यात तो एकदम म्हातारा दिसू लागला. "ईरण्णा म्हनतेत ते खरं हाय. चूक माझी हाय. पोरगी घरचीच. हू द्या."

"अप्पा," मल्लेश्वरी म्हणाली, "मला इचारणार हाय का कुणी?"

बसवप्रभु सदऱ्याची बाही नीट करू लागला. तेव्हा तिने शांतम्माकडे पाहिलं, आणि शांतम्माला त्या नजरेचा राग आला. सगळ्यांनी सगळा घोळ घालायचा आणि शेवटी माझ्याकडे बघायचं. भज्जी गार होतेय, नैवेद्याचे उंडे घोंगडीवर पडलेत, आणि सोयरिकीचा निकाल पण मीच द्यायचा.

"आदी चर," ती म्हणाली. "ऊन कलायलंय. बोलणं मग."

*

येळवशीचा चर म्हणजे उभ्या पिकाला घातलेला घास. पुढच्याने टोपल्यातून भज्जी-उंड्याचा घास पिकात टाकायचा आणि 'ओलगे ओलगे' म्हणायचं. मागच्याने तिथे तांब्यातलं पाणी शिंपडून 'सालम पोलगे' म्हणायचं. ह्या शब्दांचा अर्थ घरात कुणालाच येत नव्हता. अप्पा म्हणायचे, ते कानडी आहेत. आळंदकडचे कानडी सोयरे म्हणायचे, ते मराठी आहेत. पण नेम पक्का होता. मागचा आवाज आल्याशिवाय पुढच्याने पाऊल उचलायचं नाही, आणि मागे वळून बघायचं नाही. ह्या घरात आणखी एक होतं. पाण्याचा तांब्या लेकीच्या हातात. परत आल्यापासून तो शांतम्माच्या हातात होता. आता तिचे गुडघे बांध चढू देत नव्हते, म्हणून तिने तो मल्लेश्वरीला दिला.

टोपलं घरच्या थोरल्या पुरुषाने घ्यायचं. बसवप्रभुने ते उचललं, आणि काय मनात आलं कोण जाणे, ईरण्णाचं मन राखावं म्हणून असेल, ते गुरुबसवपुढे धरलं. "तुमी घ्या. आता तुमचंच घर हाय."

शांतम्माला ते आवडलं नाही. पण दिलेलं टोपलं परत कसं मागायचं?

गुरुबसवने टोपलं कमरेला लावलं आणि ज्वारीच्या बांधावरून निघाला. चांगला खणखणीत आवाज होता त्याचा. पहिला घास टाकला, ओलगे म्हणाला. मल्लेश्वरीने पाणी शिंपडून साद दिली. दुसऱ्या घासाला तो साद यायच्या आधीच पुढे गेला. तिसरा त्याने लांब भिरकावला, पार ज्वारीच्या मधोमध. शेजारच्या शेतातली माणसं बघत होती, त्यामुळे त्याला आणखी हुरूप चढला. मल्लेश्वरी तांब्या सांभाळत मागे पळत होती. शांतम्मा तिचा उजवा पाय बघत होती. ढेकळावर पडताना तो गुडघा डगमगतोय का, एवढंच ती बघत होती. डगमगत नव्हता.

"गुरु, थांब," मल्लेश्वरीची हाक आली. तो हसल्यासारखा वाटला. थांबला नाही.

"गुरु, आवाज येऊ दे."

तो पुढे गेला.

बाभळीच्या कोपऱ्यावर मल्लेश्वरी थांबली. रागाने नाही, अगदी साधी. तांब्या कमरेवर ठेवून उभी राहिली. पुढे गुरुबसव करडीच्या कडेने चालला होता. घास टाकत होता, ओलगे म्हणत होता, आणि मागून काहीच येत नव्हतं, तरी त्याच्या चालीत काही फरक पडला नाही. कोपीजवळ सगळे उठून उभे राहिले होते. ईरण्णाने एकदा घसा खाकरला, पण एवढ्या लांब ते ऐकू जाणार नव्हतं. शेजारच्या शेतात कुणीतरी हसलं. गुरुबसव आपल्यालाच दाद मिळाली समजून आणखी जोरात ओरडला. आख्खी करडी, मग हरभरा, मग विहिरीची बाजू. सगळं वावर एकट्याने पालथं घालून तो घामाघूम होऊन कोपीसमोर आला, रिकामं टोपलं खाली ठेवलं आणि म्हणाला, "झालं."

मग तो वळला. मागे कुणी नव्हतं.

मल्लेश्वरी ज्वारीतून आडवी चालत येत होती.

"कामून थांबलीस, बाई?" ईरण्णाने विचारलं.

"त्यानं आवाजाची वाट बगितली न्हाई, मामा."

"पण टाकला की सगळीकडं," गुरुबसव म्हणाला. त्याला खरंच कळलेलं नव्हतं. "टोपलं बगा, रिकामं हाय. थांबायचं हुतं तर हाक मारायची."

"मारली. दोनदा."

"मला वाटलं, तू मागंच हायस."

शांतम्मा वावराकडे बघत होती. तीन कडा कोरड्या. भज्जीचे घास उन्हात सांडल्यासारखे पडले असतील, नुसते, चिमण्यांना टाकावेत तसे. अप्पांच्या मागून ती इतकी वर्षं फिरली, पण अप्पांनी तिच्या आवाजाशिवाय एक पाऊल टाकलं नव्हतं. एके वर्षी ती बांधावर पाय मुरगळून बसली. तेव्हा अप्पा पाठ करून, हातात घास धरून तसेच उभे राहिले होते. वळायचं नाही म्हणून वळले नाहीत, पण हललेही नाहीत. ती उठेपर्यंत.

"ईरण्णा," ती म्हणाली, "चर मोडला. मोडलेल्या चरावर ह्या घरात साखर घालत न्हाईत."

"असं कदी हुतं, अक्का?" मंजुश्रीने विचारलं. "मी तर आयकलं न्हाई."

"आजपासून हाय."

ईरण्णाने रिकामं टोपलं बाजूला सरकवलं. "पोराच्या एका चुकीवर सोयरीक मोडायलात, अक्का."

"मी काय मोडायले? पोरगी आज तिच्या कामाला जायली. परत आली की तिलाच इचारा. ती हाव म्हनली तर मी स्वतः हुमनाबादला येते, चालत. न्हाई म्हनली तर तुमी मामा आन ती भाची, ते काय कुठं जात न्हाई. पण आज ह्या घाईत न्हाई."

"आन खेळणं?"

"ते बी तिलाच इचारा. मला गोलातलं काय बी कळत न्हाई. तुमाला बी कळत न्हाई. त्याला तर बिलकूल कळत न्हाई," तिने भावाकडे हात केला. "तरी दिवसभर त्याच्यावरच बोलायलोत आपण."

लिंगराज हसला. त्याच्याकडे तिने असं पाहिलं की त्याने बिंदगा उचलून डोक्यावर घेतला, कुणी सांगितलं नसताना.

ईरण्णाने तांबड्या फडक्याकडे पाहिलं. "साखर राहू द्या तुमच्यापाशी," तो म्हणाला. "चहाला हुईल." पण तो उठला नाही. येळवशीला आलेलं माणूस न जेवता रानातून जात नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

*

चर पुन्हा करावा लागला. पातेल्याच्या तळाची भज्जी खरवडून शांतम्माने टोपलं भरलं आणि ते बसवप्रभुच्या हातात दिलं. ह्या वेळी ती स्वतःही निघाली, पाण्याची कळशी घेऊन, बांधाच्या खालून, हळूहळू.

बसवप्रभु घास टाकायचा आणि थांबायचा. सदऱ्याची पाठ घामाने चिकटली होती. साद आली की पाऊल उचलायचा. बाभळीच्या कोपऱ्यावर त्याने घास टाकला, साद आली, तरी तो उभाच राहिला.

"मल्लू," तो समोर बघत म्हणाला.

"हाय, अप्पा."

"तिथं बी असंच असतंय का?"

"असंच. पण तिथं पुढच्या पोरीला न बगता ठावं असतंय, मी कुठं हाय ते."

बसवप्रभुने मान हलवली. करडीच्या कडेने तीन-चार घास टाकून झाले. मग तो पुन्हा थांबला.

"पण म्हंजे मी काय म्हनतो, कदी मधी एखादा गोल मारायला काय हुतंय?"

मल्लेश्वरीने तांब्यातलं पाणी करडीऐवजी त्याच्या पाठीवर शिंपडलं. "सालम पोलगे," ती म्हणाली. "चला, अप्पा. गाडी चुकंल."

शांतम्माने कळशी खाली ठेवली आणि कपाळ धरलं. ह्या माणसाला सांगून उपयोग नाही. पण तो थांबत होता. प्रत्येक घासाला थांबत होता, विहिरीपर्यंत.

पंगत बसेपर्यंत लिंगराजने बॅनर सोडून आणला होता आणि फोटोची बाजू खाली करून जमिनीवर अंथरला होता. सगळे त्याच्यावर जेवले. मल्लेश्वरीने वाढलं. ईरण्णाला तिने आंबील दोनदा घातली, गुरुबसवला उंडा. तो म्हणाला, "रविवारी बगतो मी. मधीच बगतो ह्या टायमाला." तिने आणखी एक उंडा घातला.

बसवप्रभु तिला गुलबर्ग्याला सोडायला जीप घेऊन बांधाशी आला. मल्लेश्वरीने पाठीवर बॅग घेतली आणि सगळ्यांच्या पाया पडली. आईच्या पाया पडताना मंजुश्रीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, ऑपरेशनच्या खुणेवर.

शांतम्माने दह्याची वाटी घेतली. साखरेचा डबा ट्रॉलीत कुठेतरी खाली गेला होता. तिने एकदा शोधला, दुसऱ्यांदा शोधला नाही. कमरेचा तांबडा पुडा काढला, गाठ सोडली आणि चिमूटभर साखर दह्यात घातली.

"अक्का," ईरण्णा म्हणाला, "ती आमची साखर हाय."

"व्हय. मामाची साखर खाऊन निघायली पोरगी. बरंच की."

ईरण्णा बघत राहिला. मल्लेश्वरीने तळहातावर घेतलेलं दही तोंडात टाकलं, त्याच्यासमोर. मग तो खाली बघून टोपी नीट करत म्हणाला, "रविवारी टीव्हीवर लागतंय का हे?"

"फोनवर लागतंय, मामा. गुरु दाखवंल."

जीप धूळ उडवत गेली. बापलेकींपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही, आणि ते नेमामुळे की घाईमुळे हे शांतम्माला कळलं नाही. उरलेली साखर तिने पुन्हा फडक्यात बांधली. सांजेला शेतातून फिरवायचा हेंडगा, म्हणजे कडब्याची मशाल, पेटवायचा होता, पातेली घासायची होती, उंड्यांना मुंग्या लागल्या होत्या.

मंजुश्री तिच्याजवळ येऊन उभी राहिली. रस्त्यावरची धूळ खाली बसेपर्यंत ती बघत होती.

"अक्का," तिने हळूच विचारलं, "रविवारी बी तिनं गोल न्हाई मारला तर?"

शांतम्माने आभाळाकडे पाहिलं.

"मंजुश्री," ती म्हणाली, "आदी ते उंडे आवर."